कार्बोरेटरमधला कचरा

पदवी दुसऱ्या वर्गातली आणि मोटारसायकल तिसऱ्या हाताची. आमच्या वस्तीत या दोन्ही वस्तू पहिल्यांदा आल्या त्या माझ्या नावावर. दोन्हींचा मला अभिमान होता आणि अजूनही आहे. स्वतःबद्दल माणसानं असं बोलू नये म्हणतात. ज्यांच्या घरात चार पिढ्या शिकलेल्या आहेत त्यांनी ते पाळावं. माझा बाप जंगलात बांबूतोडीवर होता. तो गेला तेव्हा मी शाळेतच होतो. पुढचं माझं शिक्षण बाईनं केलं. बाई म्हणजे माझी मोठी बहीण. मोहफुलं वेचून, तेंदूपानांचे पुडे बांधून, दुसऱ्यांच्या बांध्यांत धानाच्या रोवण्याला जाऊन तिनं मला कॉलेजात ठेवलं. ती स्वतः चौथीच्या पुढे गेली नाही.

मला नोकरी लागली तालुक्याच्या गावी, हायस्कुलात मास्तर म्हणून. आमचं गाव गडचिरोली जिल्ह्यात, पक्क्या सडकेपासून बरंच आत, जंगलात. एसटी गावात यायची नाही. सडकेवरच्या फाट्यावर दुपारी एकदा थांबायची, तेही ड्रायव्हरच्या मर्जीनं. म्हणून गाडी घेतली. पहिला मालक लाकडाच्या ठेकेदाराचा मुनीम. त्यानं ती जंगलच्या वाटांवर बैलासारखी हाकली. दुसऱ्यानं ती गोठ्यात तणसाखाली पुरून ठेवली. माझ्याकडे आली तेव्हा हवेच्या जाळीच्या जागी कुणाच्या तरी बनियनचा तुकडा कोंबलेला होता. कार्बोरेटरच्या एका स्क्रूच्या जागी तार पिळलेली होती, आणि बाकीच्या स्क्रूंची डोकी चुकीच्या पेचकसानं इतकी खाल्ली होती, की त्यांना पीळ द्यायचा म्हणजे नशीब लागायचं. मधलं पॅकिंग कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचं होतं. एका बाजूनं त्यावर अर्धा मार्च महिना वाचता यायचा.

गडचिरोलीच्या एका मिस्त्रीकडे बसून बसून मी कार्बोरेटर खोलायला शिकलो. इलाज नव्हता. आमच्याकडे गाडी बिघडली की ती मिस्त्रीपर्यंत न्यायला दुसरी गाडी लागायची.

गाडी आमच्या ओसरीवर उभी असायची आणि तिचं सामान घरात. त्या जातीच्या गाड्यांना पेट्रोलमध्ये इंजिनाचं तेल मिसळावं लागतं. त्या तेलाची एक काळपट काचेची बाटली मी चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवायचो. तिथं ऊब असायची आणि सकाळी घाईत हाताशी यायची. शेजारीच मायच्या टोरीच्या तेलाचा डबा. टोरी म्हणजे मोहाच्या बिया. उन्हाळ्यात बाई त्या वेचून आणायची, घाणीवरून तेल काढून आणायची, आणि वर्षभर आमचं तळण, फोडणी, दिवा, अंगाला लावणं सगळं त्याच तेलावर. दिसायला पिवळं, वास उग्र. थंडीत ते डब्यातच गोठतं. मग चुलीजवळ सरकवावं लागतं.

आमच्या आज्यानं धम्म घेतला तेव्हा घरातले देव नदीत सोडले आणि मागे वळून पाहिलं नाही, असं माय सांगायची. उपास गेले, नवस गेले, अंगात येणं गेलं. पण घरातलं तेल सरू द्यायचं नाही, तेलाचं भांडं रितं दिसू द्यायचं नाही, ही रीत तिनं सोडली नाही. ती देवाची नव्हती, चुलीची होती. बाटली अर्ध्याच्या खाली गेली की ती कोणाला न विचारता भरून ठेवायची. दिव्याची असो, डोक्याला लावायच्या तेलाची असो.

त्या साली दिवाळीनंतर मला वाटत राहिलं, की या वेळचं इंजिनाचं तेल चांगलं पुरतंय. जास्त विचार केला नाही. शाळेच्या सहामाहीचे पेपर तपासायचे होते.

शेजारी एक काका राहायचे. नात्यानं कोणी नव्हेत, पण बाप गेल्यावर आमच्या घरावर नजर ठेवणारा तोच एक माणूस. तोंडाचे फटकळ. एक दिवस मी गाडी काढली तर म्हणाले, "मास्तर, तुया गाडीच्या मागं चाललं का मले भूक लागते."

"काऊन?"

"भजे तळल्यासारखा वास मारून राह्यली ना ती. डब्बा इंजिनात तर नाई ठेवला?"

मी हसलो. वस्तीतली पोरंही मग गाडी गेली की "भजेवाला, भजेवाला" म्हणू लागली. मास्तरला कोणी तरी नाव ठेवतच असतं. मी मनावर घेतलं नाही.

पौषात थंडी उतरली आणि गाडी सकाळी सुरू व्हायला त्रास देऊ लागली. किक मारून मारून मांडी भरून यायची. मग उन्हात उभी करून ठेवली, की दहाच्या सुमारास एकाच किकमध्ये सुरू. शाळेत उशिरा पोचू लागलो. हेडमास्तर म्हणाले, "तुम्ही उन्हाबरोबर येता का?" मी म्हटलं, "हो, गाडी उन्हाबरोबर येते." मी असाच तोंडावर बोलणारा. मला वाटायचं प्लग खराब झाला असेल. रविवारी खोलून पाहू.

बाईलाही तीच थंडी बाधली. तिला लहानपणापासून एक दुखणं होतं. हिवाळा आला की हातापायांची हाडं आतून ठणकायची, डोळे हळदीसारखे पिवळे व्हायचे, आणि ती पोटाशी पाय घेऊन पडून राहायची. कोणी वात म्हणे, कोणी बाहेरचं म्हणे. सासरच्यांनी दोन हिवाळे पाहिले आणि तिला माघारी आणून सोडली. पुढे कितीतरी वर्षांनी त्या रक्ताच्या आजाराचं नाव आमच्या भागातल्या दवाखान्यांच्या भिंतींवर रंगवलेलं दिसू लागलं. तेव्हा आमच्या घरी त्याला फक्त 'बाईचं दुखणं' म्हणत. माय टोरीचं तेल गरम करून तिचे हातपाय चोळायची, शेगडी खाटेखाली सरकवायची, आणि आठ-पंधरा दिवसांनी बाई उठून कामाला लागायची.

त्या सकाळी मात्र दुखणं हातापायांत नव्हतं. छातीत होतं.

मी उठलो तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. श्वास वरच्या वर घेत होती, खाली उतरतच नव्हता. ओठ करडे पडलेले. तिला बोलायची खोड. दुखण्यातही ती बोलायची. त्या दिवशी तिनं नुसता हात वर केला.

"बाबू, हे नेहमीचं नाई," माय म्हणाली. "हिले दवाखान्यात ने. आत्ताच्या आत्ता."

मी पॅन्ट चढवून ओसरीवर आलो. कॉक उघडला, चोक ओढला, किक मारली. पुन्हा मारली. मारत राहिलो. धुक्यात वस्तीतल्या चुलींचा धूर अडकून राहिला होता. त्या थंडीतही माझा सदरा पाठीला चिकटला. गाडी एकदा खोकलली आणि मेली.

काका घोंगडी पांघरून कुंपणाशी आले. "काय गा, नाई होत?"

"काका, बंडी जुंपता का तुमची? बाईले गडचिरोलीले न्यायचं आहे."

त्यांनी घोंगडी काढून खांद्यावर टाकली. "बंडी काल धान घेऊन गिरणीवर गेली ना रे. पोरगं मुक्कामाले तिकडंच. येईल, पन दुपार धरून चाल. थांब, वरच्या टोलीवर कोनाची असन तर पाहतो."

ते गेले. सुगीचे दिवस. सगळ्यांच्या बंड्या खळ्यावर नाही तर गिरणीच्या वाटेवर, हे मलाही माहीत होतं. म्हणजे दुपारच्या आत बाईला सडकेपर्यंत नेणारी एकच वस्तू होती, आणि ती ओसरीवर मेल्यासारखी उभी होती.

मायनं न मागता सूप आणून दिलं. सुटे भाग घरंगळू नयेत म्हणून मी नेहमी सुपातच ठेवायचो. कॉक बंद केला, नळी काढली. प्लग कोरडा होता. म्हणजे पेट्रोल इंजिनापर्यंत येतच नव्हतं, खराबी कार्बोरेटरातच होती. वरचं झाकण फिरवून तारेसकट आतला दट्ट्या ओढून घेतला. मग मागची पट्टी ढिली करून अख्खा कार्बोरेटर हातात घेतला. तळाच्या कटोरीचे स्क्रू. डोकी खाल्लेले ते स्क्रू. एक निघाला, दुसरा हलेना. पेचकस घसरून तळहातात घुसला. आतून बाईचा श्वास ऐकू येत होता. करवतीनं ओलं लाकूड कापावं तसा.

काका परत आले, एकटेच. "कोनाचीच नाई. पोराले सांगावा धाडला." मग माझ्याकडे पाहून त्यांना राहवलं नाही. "बी.ए.च्या पुस्तकात नाई का रे हे?"

"नाई. तुमच्या बैलाच्या पोटात काय आहे, तुम्ही उघडून पाह्यलं का कधी?"

"चिडू नको बापा. धरू का मी?"

"धरा. घट्ट धरा."

त्यांनी दोन्ही हातांनी कार्बोरेटर धरला. मी पेचकसावर दगड मारला. स्क्रू कुरकुरून फिरला. तारेचा पीळ उकलला आणि कटोरी हातात आली.

तळाशी पांढरट पिवळं काहीतरी गोठलं होतं. मी पेट्रोलातली माती पाहिली होती, पाणी पाहिलं होतं, टाकीचा गंज पाहिला होता. असलं कधी पाहिलं नव्हतं. हिवाळ्यात तूप धरतं तसं ते धरलं होतं. फ्लोटची पितळी डबी त्यात अर्धी रुतलेली. मधली जेट, म्हणजे ज्या बारीक भोकातून पेट्रोल वर चढतं ती पितळेची खिळी, मी सोडवली आणि आभाळाकडे धरून पाहिली. पलीकडचा उजेड दिसला नाही. भोक त्याच पांढऱ्या गोळ्यानं बंद.

मी ते बोटावर घेतलं आणि अंगठ्यानं चोळलं. ऊब लागताच ते वितळलं. नाकाशी नेलं.

घरातच तो वास होता, म्हणून इतके दिवस मला वेगळा कळला नव्हता. आता पेट्रोलमधून तो आला तेव्हा कळला. बाटली का सरत नव्हती तेही कळलं. रात्रभर कटोरीतलं पेट्रोल उडून जायचं आणि टोरीचं तेल खाली राहून थंडीनं गोठायचं. उन्हानं पातळ झालं की गाडी चालायची.

मी मान वर केली. माय दारातून दिसत होती. चुलीपुढे वाकून फुंकणीनं फुंकत होती, बाईसाठी पेज शिजवत होती. तिच्या डोक्याच्या वर कोनाड्यात ती काळपट बाटली. गळ्यापर्यंत भरलेली.

मी मघाशी म्हणालो, मी तोंडावर बोलणारा माणूस आहे. हेडमास्तरला बोललो आहे. कॉलेजात ज्यांनी माझ्या ताटाकडे पाहून जागा बदलली त्यांना बोललो आहे. त्या क्षणी जिभेवर शब्द आला होता. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बोटाकडे.

"माय, पानी गरम झालं का?"

"झालं." तिनं वैलावरचा पाण्याचा गंज उचलून आणला आणि माझ्यासमोर ठेवला. "काय निंगलं त्यातून?"

"कचरा," मी म्हणालो.

"कचरा? पेट्रोलात?"

"हो."

"बाई व! पैसे घेऊन कचरा देतात का लोकं," ती म्हणाली आणि पेजेकडे परत गेली.

जेट, फ्लोट, कटोरी, सगळं मी त्या पाण्यात टाकलं. वर तेलाचे गोल तवंग आले. जेटमधून तोंडानं फुंकून पाणी काढलं, धोतराच्या फडक्यानं पुसलं, पुन्हा आभाळाकडे धरली. आता सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला. पुठ्ठ्याचं पॅकिंग भिजून फाटलं होतं. माझ्या वहीचा पुठ्ठा फाडला, कात्रीनं कापला, बसवला. हे सगळं लिहायला जितका वेळ लागला त्याहून कितीतरी जास्त लागला. बोटं थंडीनं आणि पेट्रोलनं बधिर झाली होती. एक स्क्रू सुपातून निसटून फटीत गेला, तो काकांनी काडीनं उकरून काढला. टाकीतलं पेट्रोल तेच होतं, दुसरं नव्हतं. जेट पुन्हा धरणार हे मला माहीत होतं. इंजिन तापलेलं राहिलं आणि ऊन मिळत गेलं, तर सडकेपर्यंत निघेल एवढाच हिशेब.

कार्बोरेटरवर उरलेलं गरम पाणी ओतलं आणि किक मारली. दुसऱ्या किकला गाडी लागली. भज्यांचा वास ओसरीभर झाला.

मायनं बाईला उचलून आणलं. बाई गाडीकडे पाहून ओठांच्या कोपऱ्यातून हसली. थांबत थांबत म्हणाली, "मास्तर... तुयी गाडी अन मी... दोघी बी थंडीत सुरू होत नाई."

"बोलू नको व," माय म्हणाली.

बाई मध्ये, माय मागे. काकांनी एक लुगडं आमच्या तिघांभोवती फिरवून माझ्या पोटावर गाठ मारली, म्हणजे बाईचा तोल गेला तरी ती पडू नये. मायच्या हातात फडक्यात गुंडाळलेली किटली होती, गरम पेजेची. बाईनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

गावाबाहेरच्या बांध्यांत ऊन होतं तोवर गाडी नीट चालली. मग रान लागलं. दोन्ही बाजूंनी साग आणि बांबू. सूर्य झाडांच्या शेंड्यांवर अडकलेला, वाटेवर दव तसंच. समोरून येणारा वारा सुरीसारखा. माझ्या पाठीवर बाईची छाती होती आणि तिचा प्रत्येक श्वास मला माझ्याच अंगात लागत होता. नाल्याच्या उतारावर गाडीचा आवाज बदलला. मी मूठ पिळली. ती दोनदा गचकली आणि बंद पडली.

नाल्यात गार सावली. पाणी वाहायचा आवाज आणि दुसरं काहीच नाही. लुगड्याची गाठ सोडली. बाईला मायच्या मांडीवर टेकवलं.

"पुन्हा कचरा?" मायनं विचारलं.

"हो."

हत्यारं होती, पण पुन्हा सगळं खोलायला वेळ नव्हता. विस्तव पेटवायला काडेपेटी नव्हती. मी विडी ओढत नव्हतो, त्याचाही मला अभिमान होता. मग मायच्या हातातली किटली दिसली.

"माय, ते दे."

"पेज आहे ना तिची."

"दे."

फडकं काढून तापलेली किटली मी कार्बोरेटरला लावून धरली. कटोरीच्या बुडाशी, मग बाजूनं, मग पुन्हा बुडाशी. मायला कळलं नसणार मी काय करतोय. तिनं विचारलं नाही. ती बाईच्या कपाळावरचा घाम पुसत होती आणि अधूनमधून माझ्याकडे पाहत होती, शिकलेला पोरगा काहीतरी शिकलेलंच करत असेल अशा नजरेनं. पेज निवत गेली तसतशी कटोरी गरम होत गेली. नंतर ती पेज थंडगारच राहिली. बाईनं ती घेतली नाही.

गाडी लागली. फाट्याच्या अलीकडे ती आणखी एकदा बंद पडली, पण तिथं ऊन होतं. मी ती उन्हात उभी केली आणि आम्ही तिघं वाट पाहत बसलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. सडकेवर आल्यावर मग ती थांबली नाही.

दवाखान्यात डॉक्टर तरुण होता. त्यानं तिच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, पाठीला नळी लावली आणि नर्सला ऑक्सिजन लावायला सांगितलं. मग माझ्याकडे वळला.

"श्वासाचा त्रास कधीपासून?"

"पहाटेपासून."

"पहाटेपासून? आणि आता आणता?"

मी उत्तर द्यायच्या आत माय पुढे झाली. "गाडीत कचरा आला जी, डॉक्टरसायेब. पेट्रोलवाल्यानं कचरा घातला पेट्रोलात. माह्या पोरानं खोलून खोलून हात फोडून घेतले पाहा." आणि तिनं माझा हात धरून डॉक्टरपुढे केला. तळहातावर रक्त वाळलं होतं, त्यावर पेट्रोलचा मळ.

डॉक्टर त्या हाताकडे पाहत राहिला. "बरं," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर येत असताना बाई गेली. त्या आधी ती काही बोलली नाही. तोंडावर ऑक्सिजन होता.

बाहेर आल्यावर मी डॉक्टरला गाठलं आणि सरळ विचारलं. "आधी आणली असती तर?"

"रक्ताचंच दुखणं आहे तिचं. फुफ्फुसात गेलं," तो म्हणाला. "आधी आणली असती तर बरं झालं असतं. वाचली असतीच असं मी सांगू शकत नाही."

त्यानं खोटं सांगितलं नाही, याबद्दल मी त्याचा आभारी आहे. पण त्या उत्तराचं काय करायचं हे मला आजपर्यंत समजलेलं नाही.

बाईच्या जलदानाच्या दिवशी वस्ती जमली. बुद्धवंदना झाली. पांढऱ्या चादरीवर बसलेल्या बायांमध्ये माय सांगत होती आणि दर वेळी तिच्या सांगण्याला नवं टोक येत होतं. पेट्रोलवाला पाणी घालतो, माती घालतो. तालुक्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. गरिबाच्या गाडीत मुद्दाम तळाचं घालतो. "कचऱ्यानं खाल्ली माही पोरगी," ती म्हणाली. बायांनी त्या पेट्रोलवाल्याला शिव्या दिल्या.

एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, "खरं का मास्तर?"

काका माझ्या बाजूला बसले होते. कार्बोरेटर त्यांनी हातात धरला होता, तवंग त्यांनी पाहिले होते, आणि भज्यांची थट्टा तर त्यांचीच होती. त्यांनी खाली पाहूनच उत्तर दिलं.

"खरं नाई तर काय. म्या सोता पाह्यला. मूठभर कचरा निंगला." मग खाकरून म्हणाले, "हरामखोर आहेत साले पेट्रोलवाले."

त्यानंतर आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नाही. त्यांनी मला पुन्हा कधी गाडीवरून छेडलं नाही.

टाकीतलं सगळं पेट्रोल मी नाल्याकाठी नेऊन जाळून टाकलं. इंजिनाच्या तेलाचा डबा शाळेत, माझ्या कपाटात ठेवू लागलो. मायला म्हटलं, गाडीची नवी तऱ्हा आहे, आता तेल शाळेतूनच मिळतं. "बरं झालं," ती म्हणाली. कोनाड्यातली बाटली तिनं दिव्याकडे लावली. गाडी हिवाळ्यातही सकाळी लागू लागली. मायला त्यात नवल वाटलं नाही. मी पेट्रोलवाल्याला सरळ केलं असणार असं ती समजून चालली.

सांगायला हवं होतं असं मला कधी वाटलं नाही. खरं बोलणं ही माझी कमाई आहे, पण ती कमाई मायनं आणि बाईनं मला करून दिलेली आहे. ती मायवरच खर्चायची हे मला जमलं नसतं. फक्त एक गोष्ट मी तेव्हा धरली नव्हती. खोटं एकदा घरात ठेवलं की त्याला कोणीतरी माणूस लागतो, आणि तो माणूस खराच असतो.

उन्हाळ्यात मायला डोळे दाखवायला गडचिरोलीला घेऊन गेलो. परतताना टाकी रिकामी झाली म्हणून नेहमीच्या पंपावर थांबलो. तिथं पेट्रोल भरणारा एक उतारवयाचा माणूस होता. डोक्याला ओला दुपट्टा, बोलायला मऊ. मी मास्तर आहे हे त्याला माहीत होतं. ऊन कडक होतं. तो मायला म्हणाला, "बाई, तिकडं सावलीत बसा ना. माठात पानी आहे."

माय गाडीवरून उतरली. "तुमच्या सावलीत मी कायले बसू?" ती म्हणाली. "तुमच्या पेट्रोलातल्या कचऱ्यानं माही पोरगी मारली."

रांगेतले मोटारसायकलवाले वळून पाहू लागले. त्या माणसाच्या हातात नळी तशीच राहिली. "कवा जी? आमच्या इथं कचरा? मी तर..." मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मास्तर माणूस, शिकलेला, हा काहीतरी सांगेल म्हणून थांबला. त्याच्या कानशिलावरून घाम उतरत होता. माय पण माझ्याकडे पाहत होती.

मी टाकीचं झाकण फिरवून काढलं.

"भरा," मी म्हणालो.

त्यानं डोक्याचा दुपट्टा सोडला, त्याचा कोरडा पदर शोधून तो टाकीच्या तोंडावर दुहेरी अंथरला, एका हातानं ताणून धरला, आणि दुसऱ्या हातानं त्यावर हळूहळू पेट्रोल सोडू लागला. मान वर न करता. पदर स्वच्छ होता, आणि त्यातून पेट्रोल गेल्यावरही तो स्वच्छच राहिला.

माय ते नीट पाहत होती.

"आता गाळून राह्यला," ती म्हणाली.